झाडीपट्टीतली तीनशे पंधरा

निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाडा हे वैनगंगेच्या खोऱ्यातले धानाचे गाव. तिथल्या ठाण्यातही अशा वेळी आसपासच्या खेड्यांतून बंदुका येऊन पडतात. बारा बोरच्या दुनळ्या असतात, पिकांच्या राखणीच्या भरमार असतात आणि क्वचित एखादी जुनी शिकारी रायफल असते. पावतीवर बोर, क्रमांक आणि मालकाचे नाव लिहिले जाते. रायफल असेल तर बोरच्या रकान्यात पूर्व विदर्भात बहुधा एकच आकडा पडतो : ३१५.

बोलताना त्याआधीचे दशांशचिन्ह कोणी उच्चारत नाही. ‘त्यांच्या घरी तीनशे पंधरा आहे,’ एवढे म्हटले की झाडीपट्टीतल्या जुन्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. घर मालगुजाराचे किंवा वकिलाचे असणार, आजोबा शिकारी असणार आणि ओसरीवर कधीकाळी सांबराची शिंगे टांगलेली असणार.

या भागातल्या जुन्या रायफली पाहण्याचा आणि त्यांच्या नोंदी करण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. हे शास्त्र मी कोठे शिकलेलो नाही. जुनी पुस्तके, कायद्याचे मसुदे, म्हातारे सुतार आणि स्वतः त्या रायफली हेच माझे गुरू. रायफल पाहताना माझे लक्ष तिच्या मूळ घडणीपेक्षा तिच्यात नंतर झालेल्या बदलांकडे अधिक जाते. दस्ता बदलला असेल, माशी बदलली असेल, नळीखाली एखादी कडी जोडली असेल. इंग्रजी पुस्तकांत अशा फेरफारांची वर्णने भरपूर येतात आणि तिथे सगळा मामला हौसेचा असतो : साहेबाच्या खांद्याचे माप, साहेबाची आवड, लंडनचा कारागीर. आमच्याकडच्या रायफलींना हे लागू पडत नाही. त्यांचा आकार प्रथम सरकारने ठरवला, मग जंगलाने, आणि उरलासुरला हात गावच्या सुताराने फिरवला. क्रम हाच होता, असे माझे मत आहे.

आधी तो आकडा.

एका इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले ३१५ भाग म्हणजे ०.३१५ इंच, मेट्रिक मापात आठ मिलिमीटर. हे माप शिकाऱ्यांनी निवडलेले नाही. ब्रिटिश फौजेची रायफल ०.३०३ बोरची होती. लष्कराच्या कोठारातून काडतुसे चोरीला जाऊन बंडखोरांच्या हाती पडतील ही भीती हिंदुस्थान सरकारला सतत होती. म्हणून फौजेत चालणारा बोर खासगी माणसाच्या हाती असू नये, असा नियम आला. १९०७ च्या सुमारास ०.४५० बोरवरही अशीच बंदी आली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींची गोळी त्याच मापाची होती. या बंदीचा परिणाम गमतीदार झाला. वाघ, गवा आणि हत्तीसाठी ०.४५० वापरणाऱ्या श्रीमंत शिकाऱ्यांसाठी लंडनच्या कारखानदारांनी लगोलग ०.४६५, ०.४७० अशी नवी मापे काढली. नव्या मापांनी वाघ काही अधिक मरत नव्हता. कायद्याच्या कलमाला वळसा घालण्यासाठी केलेली ती यंत्रविद्या होती.

०.३१५ हे त्याच वळशाचे गरीब भावंड. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीकडे ०.३०३ ची ली पद्धतीची रायफल तयारच होती. तिच्यात बसेल पण ०.३०३ नसेल असे काडतूस हवे होते. ऑस्ट्रियाच्या फौजेचे आठ मिलिमीटरचे मानलिखर काडतूस त्यासाठी जवळजवळ आयते सापडले. त्याच्या बुडाची कड ०.३०३ च्या कडेला बरीच जुळती, त्यामुळे बोल्ट आणि मॅगझिन यांत मोठी उलथापालथ करावी लागत नसे. नळी नवी, बाकी यंत्र तेच. म्हणजे झाडीपट्टीतल्या मालगुजाराच्या हाती आलेली रायफल मुळातच फेरफार केलेली होती. फौजेच्या रायफलीला मुलकी पोशाख चढवून ती इकडे पाठवली होती. ज्यांच्याकडे बीएसएची जुनी रायफल आहे त्यांनी तिच्यावरचा छाप पाहावा : एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका.

ती ज्या पद्धतीची आहे ती ली पद्धत जेम्स पॅरिस ली या माणसाच्या नावाने ओळखली जाते. जन्माने स्कॉटिश, वाढला कॅनडात, पुढचे बरेचसे काम अमेरिकेत. १८८८ ची ली-मेटफर्ड आणि १८९५ ची ली-एनफील्ड या दोन्ही त्याच्याच यंत्रावर उभ्या आहेत. जर्मनीच्या १८९८ च्या माउझरशी तिची तुलना नेहमी होते. माउझरचा बोल्ट पुढच्या बाजूला, काडतुसाच्या अगदी जवळ अडकतो, म्हणून ती अधिक दाब सोसते. लीचा बोल्ट मागे अडकतो, पण हात फिरवायला हलका आणि झटपट. मजबुतीत माउझर सरस, यात वाद नाही. तरीही आमच्याकडे ली टिकली, आणि त्याचे एक कारण लाकडात आहे. त्याकडे पुढे येतो.

आधी १८७८ या सालापाशी थांबले पाहिजे. या एकाच वर्षात हिंदुस्थानात दोन कायदे झाले. सातव्या क्रमांकाचा वन कायदा आणि अकराव्या क्रमांकाचा शस्त्र कायदा. पहिल्याने राखीव जंगलातील शिकार सरकारी नियमांखाली आणली, दुसऱ्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. लॉर्ड लिटन यांच्या या शस्त्र कायद्यातून युरोपियनांना मोकळीक होती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविषयी ठराव केला तो या अपमानामुळेच. पण सभेत ज्याच्यावर कोणी बोलले नाही तो अपमान जंगलातल्या माणसाचा होता. इथला गोंड पिढ्यान्पिढ्या धनुष्यबाणावर, फाशावर आणि पुढे भरमारीवर शिकार करीत होता. एका वर्षात त्याचे जंगल सरकारचे झाले आणि त्याची बंदूक बेकायदा झाली. शिकारीचे परवाने निघू लागले, जंगलांचे ब्लॉक पडले. ज्याच्यापाशी परवाना तो शिकारी ठरला आणि ज्याच्यापाशी जंगलाचे ज्ञान तो हाकेकरी झाला. तीनशे पंधराचा इतिहास लिहिताना ही गोष्ट वगळली तर मागे फक्त रम्य आठवणी उरतात, आणि त्या आपल्याकडे पुरेशा लिहून झाल्या आहेत.

मध्य प्रांताची जंगले इंग्रजी शिकारसाहित्यात फार लवकर आली. कॅप्टन जेम्स फॉरसाइथ याचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ चे. त्याच्याही आधी त्याने शिकारी रायफल आणि तिची गोळी या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. साताठ पैलूंचा मजकूर त्यात आहे, पण रायफल ठासणीची, कारण काळच ठासणीचा. पुढे वन खात्यातल्या डनबार ब्रँडर याचे मध्य भारतातील वन्यप्राण्यांवरचे पुस्तक १९२३ मध्ये निघाले, तेव्हा जमाना बोल्टच्या रायफलींचा झालेला होता. या पन्नास वर्षांत बंदुकीने जेवढी उडी मारली तेवढी त्याआधीच्या दोनशे वर्षांत मारली नसेल.

त्या काळात भंडारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या भंडारा आणि गोंदिया या दोन्ही जिल्ह्यांत, रायफलीचा परवाना कोणाला मिळे? कामठा, आमगाव यांसारख्या जमीनदाऱ्या होत्या, मालगुजार होते, वकील आणि डॉक्टर होते, सरकारी नोकर होते. सरकारशी निष्ठा हा पात्रतेचा न लिहिलेला निकष होता. १९२७ मध्ये नागपुरात जनरल मंचरशा आवारी यांनी शस्त्र कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला, उघडपणे शस्त्रे घेऊन रस्त्यावर फिरले आणि तुरुंगात गेले. आज नागपुरातही हे नाव थोड्यांनाच आठवते. ज्या प्रांतात तलवार घेऊन चालले म्हणून माणूस तुरुंगात जात होता, त्याच प्रांतात दिवाणखान्याच्या भिंतीवर कोणाची तरी तीनशे पंधरा टांगलेली होती. तिच्या मालकाला हा विरोधाभास दिसत नसे असे नाही. परवाना दरवर्षी नवा करून घ्यावा लागे, आणि तेवढ्यावर माणूस पुष्कळ शहाणा होतो.

आता दस्त्याकडे. इकडे हिंदीच्या संगतीने त्याला कुंदाही म्हणतात.

माउझरचे लाकूड एकसंध असते. खांद्याला टेकणाऱ्या टोकापासून नळीखालच्या टोकापर्यंत एकच तुकडा. तो बदलायचा तर यंत्राच्या संपूर्ण तळाशी लाकूड केसाइतके बरोबर कोरावे लागते, नाही तर नेम प्रत्येक गोळीला हलतो. लीचे लाकूड दोन तुकड्यांचे. पुढचा तुकडा नळीखाली, मागचा दस्ता लोखंडी खोबणीत बसवलेला आणि आतून एका लांब मळसूत्राने आवळलेला. त्यामुळे पुढच्या भागाला हात न लावता नुसता दस्ता नवा करता येतो. फौजेने याचा फायदा घेतला होता. आखूड, मध्यम आणि लांब असे तीन मापांचे दस्ते फौजेत मिळत आणि शिपायाच्या हाताच्या लांबीप्रमाणे दिले जात. आमच्याकडे हेच काम गावच्या सुताराने केले. इंग्रजी मापाचा दस्ता इथल्या बुटक्या बांध्याच्या माणसाला लांब पडे, धक्का दंडावर बसे. दस्ता अर्धा-पाऊण इंच कापला की प्रश्न मिटे. पुढच्या पिढीतला मुलगा उंच निघाला की तळाला लाकडाची चकती जोडून तो वाढवला जाई. एका घरातल्या रायफलीच्या दस्त्याच्या तळाशी मी अशा दोन चकत्या पाहिल्या, रंगाने वेगळ्या, आणि त्यावर टायरचा रबर खिळ्यांनी ठोकलेला. तीन पिढ्यांच्या हातांची लांबी त्या तळाशी एकावर एक बसली होती.

मूळ दस्ता अक्रोडाचा असे. तो चिरला तर इथे अक्रोड कुठून आणायचा? जंगल सागवानाचे, म्हणून सागाचा दस्ता करून पाहिलेला कुठे कुठे दिसतो. साग दाराला, तुळईला उत्तम, पण दस्त्याच्या मनगटापाशी, म्हणजे हाताची मूठ जिथे वळते तिथे, तो सहज चिरतो. जाणत्या सुताराने शिसव घेतले. शिसव जड. पण जड रायफलीचा धक्का कमी लागतो, त्यामुळे तेही पथ्यावरच पडले. लाकूड कोणते यापेक्षा त्याचे तंतू कसे धावतात हे महत्त्वाचे. मनगटाच्या वळणाबरोबर तंतूही वळले पाहिजेत. तंतू वळण तोडून आडवे गेले की तिथेच एक दिवस तडा जाणार. बैलगाडीचे जू घडवणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नसे.

लाकडाला शेवटी तेल. लंडनच्या नामांकित कारागिरांच्या दस्त्यांवरची जी प्रसिद्ध झिलई, ती जवसाच्या तेलाची. हाताने चोळून, वाळवून, पुन्हा चोळून, आठवडेच्या आठवडे. जवस तर धानाच्या बांधीत उतेरा म्हणून आमच्याकडे घरोघर पेरतात. तेल घाण्यावरून यायचे. या एका बाबतीत दवनीवाड्याचा सुतार आणि लंडनचा कारागीर एकाच पायरीवर उभे होते, आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हते.

लोखंडाची गोष्ट निराळी. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला उडाल्यावर नळीत क्षार सोडी. पावसाळी हवेत ते क्षार ओल धरत आणि दुसऱ्या दिवशी नळीच्या आट्यांत गंज चढू लागे. नुसते तेल पुसून हे क्षार जात नाहीत. पाण्यात विरघळणारी वस्तू पाण्यानेच जायची. म्हणून शिकारीवरून आले की आधी उकळते पाणी नळीतून ओतायचे, मग कोरडी चिंधी, मग रंगून ऑइल. ज्या घरात ही शिस्त होती तिथली नळी आजही आरशासारखी आहे. जिथे नव्हती तिथे आटे खाऊन गेलेले. नळीत डोकावून पाहिले की त्या घरातल्या माणसांचा स्वभाव कळतो, असे मी विनोदाने म्हणतो. तो अगदीच विनोद नाही.

सर्वांत जास्त फेरफार माशीत झाले आणि त्याचे कारण जंगल. इंग्रज कारागीर माशी घडवी ती दिवसाच्या उजेडासाठी. स्कॉटलंडच्या उघड्या टेकड्यांवर हरणाचा नेम धरायला बारीक काळी माशी चांगली. आमच्याकडे वाघ-बिबट्याची शिकार मचाणावरून, बांधलेल्या रेड्यावर, आणि सावज येणार दिवस बुडाल्यावर. मोहाच्या झाडाखालच्या अंधारात काळी माशी दिसतच नाही. महागड्या रायफलींत यावर तोड होती : माशीच्या मागे उलटवून उभा करता येणारा पांढरा मणी, हस्तिदंताचा किंवा मिन्याचा. साध्या तीनशे पंधरावर तो नसे. मग कोणी माशीला चुन्याचा ठिपका दिला, कोणी कापूस गुंडाळला, कोणी सोनाराकडून चांदीचा थेंब बसवून घेतला. पुढे विजेची टॉर्च आली. नळीवर टॉर्च आवळण्याच्या कड्या विलायतेहून विकत मिळत. इथे लोहाराने पत्र्याच्या केल्या. त्या कड्यांनी नळीचा काळा मुलामा घासला जाई आणि तिथे दोन उजळ पट्टे पडत. जुन्या रायफलीच्या नळीवर असे जोडपट्टे दिसले की ती रायफल मचाणावर बसलेली आहे हे समजावे. तिची नोंद कुठल्याही कागदात नसते.

दुर्बीण मात्र फारशी कोणी लावली नाही. मचाणावरून सावज तीस-चाळीस पावलांवर येते, दुर्बिणीचे तिथे काम नाही. शिवाय लीचे रिकामे काडतूस वर आणि बाजूला उडते, बोल्टचा मूठगोळाही उंच उठतो, म्हणजे दुर्बीण वाटेत येणार. विलायतेत जुन्या फौजी रायफलींवर दुर्बीण चढवण्यासाठी बोल्टची मूठ तापवून खाली वाकवण्याची पद्धत पडली. झाडीपट्टीत वाकवलेली मूठ पाहिली तर ती रायफल बाहेरून आली असावी असा मी आडाखा बांधतो.

आणखी एक खूण सांगण्यासारखी आहे. फौजी बनावटीच्या आखूड ली-एनफील्डमध्ये दस्त्याचे आतले मळसूत्र पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत चौकोनी टोकाने अडकलेले असते, ते ढिले पडू नये म्हणून. पुढचे लाकूड आधी उतरवायचे, मगच दस्ता फिरवायचा, असा क्रम. हे ज्याला माहीत नव्हते त्याने सरळ मागून मळसूत्र पिळले आणि पुढच्या लाकडाच्या मागल्या टोकाला चीर पाडली. अशी चीर म्हणजे एखाद्या अनोळखी कारागिराची सही. तिच्या पाठोपाठ बहुधा दुसऱ्या, अधिक जाणत्या कारागिराची सहीही सापडते : चिरेवर आडवी मारलेली तांब्याची बारीक पिन.

सरकार स्वतःही फेरफारांत मागे नव्हते. कलकत्त्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्याने ०.३०३ च्या रायफली घेऊन त्यांच्या नळीतले आटे काढले, ०.४१० मापाची गुळगुळीत नळी केली, मॅगझिन बंद केले आणि एका वेळी एकच गोळी मारणारी मस्केट बनवली. ती पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना मिळाली. म्हणजे एकाच ली यंत्राची तीन रूपे : फौजेकडे ३०३, मालगुजाराकडे ३१५ आणि पोलीस शिपायाकडे ४१०. कोणाच्या हाती किती ताकद द्यायची याचा हिशेब यंत्र तेच ठेवून केवळ नळीत केलेला. राज्यशास्त्राच्या पुस्तकात हा तक्ता यायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र वेगाने बदलले. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशात मालगुजारी आणि जमीनदारी संपली. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशातच होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. एकाच रायफलीच्या परवान्यांवर म्हणून वेगवेगळ्या राज्यांचे शिक्के सापडतात, आधीचे हिंदीत आणि नंतरचे मराठीत. जिल्ह्याच्या इतिहासासाठी इतका सोयीचा दस्तऐवज दुसरा नसेल. विलायती माल येणे बंद झाले आणि ०.३१५ ची रायफल ईशापूरलाच होऊ लागली. काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातून. त्यांच्या बुडावर केएफ ही अक्षरे असतात. गोळी २४४ ग्रेनची, मऊ टोकाची. इंग्रजांनी भीतीपोटी लादलेला बोर स्वतंत्र भारताने तसाच चालू ठेवला, भीतीसकट. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि ०.३०३ निषिद्ध बोरच राहिला.

याच काळात शिकारीचा धंदाही झाला. परदेशी पाहुण्यांना मध्य भारतात वाघाच्या शिकारीला नेणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतली ॲलविन कूपर ही विद्याचरण शुक्ल यांची. पुढे केंद्रीय मंत्री म्हणून गाजलेले तेच शुक्ल. या कंपन्यांच्या पाहुण्यांच्या रायफली भारी होत्या आणि त्या त्यांच्याबरोबर परत गेल्या. आपल्या विषयाला त्यांचा उपयोग थोडा.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. त्याच साली नागझिरा अभयारण्य झाले. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवानेही संपले. त्या कायद्याचे ३४ वे कलम तर असे की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्रपरवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नाव नोंदवले पाहिजे. जी रायफल हे जंगल दाखवण्यासाठी साहेबांपुढे केली जाई, तिने आता जंगलाशेजारी राहिल्याचा खुलासा द्यायचा. हे योग्यच झाले. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार एके काळचे शिकारी, पुढे त्याच जंगलाचे राखणदार झाले, आणि मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे ते महाराष्ट्राला कळले. इतर कित्येकांनी काही जाहीर न करता रायफलीला तेल लावून ती कपाटात ठेवून दिली.

आता कपाटातल्या या रायफलींचे काय करायचे, हा प्रश्न तिसऱ्या पिढीपुढे आहे. परवाना वारसाहक्काने आपोआप मिळत नाही, त्यासाठी वारसाने स्वतः अर्ज करावा लागतो. नातू पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीत. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवली. वडिलांची बारा बोर, आजोबांची तीनशे पंधरा आणि काकांची आणखी एक असेल तर एक द्यावीच लागते, आणि दिली जाते ती जुनी, जिची काडतुसे महाग, जिचा उपयोग नाही, ती.

जे ठेवतात त्यांच्यापुढे वेगळा मोह असतो. जुनी रायफल ‘नवी करून’ घ्यायची : दस्ता पॉलिश, नळीला नवा काळा मुलामा, जमले तर दुर्बीण, चकत्या जोडलेला दस्ता फेकून सिंथेटिकचा. कायद्याने हे काम परवानाधारक कारागिराकडेच करता येते. १९५९ च्या कायद्याच्या पाचव्या कलमात दुरुस्ती आणि बदल दोन्ही येतात, सहावे कलम नळी आखूड करायला मनाई करते आणि आठव्या कलमाने ओळखीच्या खुणा पुसणे हा गुन्हा आहे. पण कायदेशीर आहे म्हणून ते करावे असे नाही. पॉलिशवाल्याचा पहिला कागद फिरला की कड्यांचे उजळ पट्टे गेले, माशीवरचा चांदीचा थेंब गेला आणि फिरत्या चाकाखाली कारखान्याचा छापही पुसट झाला. एखाद्याने जुन्या बखरीचे पान स्वच्छ दिसावे म्हणून धुऊन काढावे, तशातला प्रकार. जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल दिलेली ०.२७५ ची रिग्बी आज लंडनच्या त्या कंपनीकडे परत गेली आहे. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी आहे, तीवर मजकूर आहे. आमच्या रायफलींवर पट्टी नाही. त्यांचा मजकूर म्हणजे हे ओरखडेच.

या लाकडा-लोखंडाविषयी माझ्या मनात भक्तिभाव नाही. त्या नळ्यांसमोर काय काय पडले याचा हिशेब मला ठाऊक आहे, आणि हाका करताना जखमी झालेल्या माणसांची नावे कोणत्या परवान्यावर लिहिलेली नसतात हेही. मात्र याच कारणासाठी वस्तू जशी आहे तशी राहायला हवी. गोंडाची भरमार जप्त होऊन वितळली, तिचे काही उरले नाही. मालगुजाराची रायफलही वितळली तर दोघांमधला तो जुना व्यवहार सिद्ध करायला हाती काय राहील?

ज्यांना रायफल जमा करायचीच आहे त्यांनी ती देण्याआधी एक सकाळ खर्च करावी. बोल्ट काढून, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, उजेडात ठेवावी. नळीवरचे, कोठीवरचे आणि बोल्टच्या मुठीवरचे सगळे छाप आणि आकडे उतरून घ्यावेत. बोल्टवरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी जुळतो का पाहावे. जुळत नसेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे. दस्त्याची लांबी चापापासून तळापर्यंत मोजावी, लाकूड कोणते ते सुताराला विचारावे, चिरा आणि पिना कुठे आहेत ते लिहावे. माशीचे जवळून छायाचित्र घ्यावे. जुने परवाने, काडतुसांच्या खरेदीच्या पावत्या, एखादे हाक्याचे छायाचित्र असेल तर त्याची प्रत काढावी, आणि छायाचित्रात कडेला ढोल घेऊन उभे असलेल्यांची नावे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून मागे लिहून ठेवावीत. नागपूरच्या अजब बंगल्यात शस्त्रांचे दालन आहे. तिथे तलवारी आहेत, खंजीर आहेत, तोफाही आहेत. विसाव्या शतकातल्या मालगुजाराच्या रायफलीविषयी अशी चार पानांची नोंद तिथे पोहोचली, तर पुढच्या अभ्यासकाला निदान सुरुवात करता येईल. दवनीवाडा, तिरोडा, आमगाव, गोरेगाव या पट्ट्यातल्या अशा जेवढ्या नोंदी मिळतील तेवढ्या मी एका वहीत एकत्र करतो आहे. वही अजून निम्मीही भरलेली नाही.